फुटबॉलची सीडी

माय जाऊन आठवडा होत आला, तरी मी रडलो नव्हतो. जलदान विधी झाला, भंतेजी जेवून गेले, मंडपवाल्यानं मंडप सोडून नेला, तरी नाही. लोक यायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, काही सापडलं नाही की बाबांकडे वळायचे. बाबांचं बरं होतं. कोणी दारात चप्पल काढली की ते रडायला लागायचे. मी आपला चहा वाटायचो, कप गोळा करायचो, गाद्या घडी करून ठेवायचो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं मला सगळीकडे झालं होतं.

"रड रे बापू," आत्या म्हणायची. "मोकळा हो. असा गोट्यावानी काऊन राह्यला बे?"

मला राग यायचा. रडू म्हणजे काय नळ आहे का, तोटी फिरवली की आलं? पण खरं सांगायचं तर आतून भीतीही वाटत होती. माझी माय होती ती, कोणी पाहुणी नव्हती. तिला शेवटचं पाणी पाजलं तेव्हा काही झालं नाही, स्मशानातून परत आलो तेव्हा काही झालं नाही. हे असंच राहिलं तर? आपल्याला आपल्या मायसाठी काही वाटतच नाही, असं निघालं तर? हे कोणाला विचारणार?

आमच्यात बाई गेली की तिच्या साड्या नात्यातल्या बाया वाटून घेतात. ते काम आत्यानं केलं. लोखंडी कपाट रिकामं केलं, मग तिची नजर माळ्यावर गेली. तिथं मायच्या जुन्या साडीच्या तुकड्यात एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. गाठ सोडली तर आत आमचा जुना व्हिडिओ गेमचा करडा डबा, दोन रिमोट आणि सीड्यांची चवड.

"हे काय होय?" आत्यानं विचारलं.

"गेम. टीव्हीले लावायचा."

"चालते काय?"

"काय माहीत. वीस वर्षं झाली असतील."

"पाह्य बरं लावून. चालत असन तं माह्या नातवाले नेईन. नसन तं दे भंगारात, उगाच धूळ खाते. दुपारच्या एसटीनं निघाचं हाये मले."

आत्या जळगाव जामोदला राहते. ने म्हटलं. मला काही फरक पडत नव्हता. तो डबा गेला काय आणि राहिला काय. साड्या गेल्याच होत्या.

तो डबा बाबा कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होते तिथल्या मॅनेजरच्या घरून आला होता. त्यांच्या पोरानं नवीन मशीन घेतली आणि जुनी बाबांच्या हातात ठेवली. सोबत एकच अस्सल सीडी, फुटबॉलची. फुटबॉल आमच्या गल्लीत कोणाला हवा होता? आम्हाला पाहिजे होत्या मारामाऱ्या आणि गाड्या. त्या सीड्या मलकापूर स्टेशनजवळच्या एका टपरीत मिळायच्या. पण त्या नकली. मशीन सीडी घातली की आधी ती अस्सल आहे का बघायची आणि नकली दिसली की पडदा काळा करून इंग्रजीत काहीतरी शिवी दिल्यासारखं लिहायची.

भुसावळच्या एका मित्रानं तोड सांगितली. झाकणाखाली एक बटण असतं. त्यात आगपेटीची काडी खुपसायची, म्हणजे झाकण उघडं असूनही मशीनला ते बंदच वाटतं. मग अस्सल सीडी घालायची, ती गरगर फिरते, मशीन तिला तपासते आणि खात्री पटली की क्षणभर वेग कमी करते. त्या क्षणात फिरती सीडी उचलायची आणि नकली ठेवायची. लवकर केलं तरी गेलं, उशीर केला तरी गेलं. सांगायला सोपं. आम्ही गल्लीतली चार पोरं, चौघांनी बोटं कापून घेतली. एक सीडी तर उडून थेट पाण्याच्या माठावर आदळली.

त्या आवाजानं माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ. आधी आम्हाला झापलं, मग उभ्या उभ्या बघत राहिली.

"सरक," म्हणाली. "मले पाहू दे."

हात धुतले, पदराला पुसले आणि डब्यासमोर उकिडवी बसली. पडद्याकडे तिनं पाहिलंच नाही. मान खाली घालून मशीनचा आवाज ऐकत राहिली. आवाज उतरला न उतरला तोच तिची बोटं गेली आणि आली. फुटबॉलची सीडी तिच्या डाव्या हातात, आमची नकली आत फिरतेय. टीव्हीवर मारामारी सुरू. आम्ही ओरडलो तर म्हणते, "यात काय हाये बे? कापूस वेचल्यावानी तं हाये. बोंडाची पत्ती टोचाच्या आत कापूस हाती आला पाह्यजे."

माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिच्या कापसात काडी-कचरा सापडायचा नाही, हे मला माहीत होतं. त्याचा असा उपयोग होईल हे तिलाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून गेम लावायचा म्हणजे मायला हाक मारायची. दुसऱ्या कोणाला ते जमलंच नाही. आम्ही फुटबॉलची सीडी घालायचो, काडी खुपसायचो आणि एका सुरात ओरडायचो, "माय! ये वं लवकर, सीडी बदल!" ती यायची. कधी हसत, कधी शिव्या घालत, "मेल्याहो, भाकर करपली माही," म्हणत. पण यायचीच. सीडी बदलायची आणि गेम बघायला न थांबता आत निघून जायची.

मग मी चिप बसवायला शिकलो. तीही भुसावळहूनच आली, आठ पायांची, नखाएवढी. जुन्या टेलिफोनच्या केबलमधून बारीक तारा काढायच्या आणि चिपचे पाय मशीनच्या बोर्डावर नेमक्या ठिकाणी सोल्डरनं झाळायचे, बस. नकली सीडी घातली तरी चिप मशीनला सांगते, अस्सल आहे, चालू दे. पहिली चिप मी आमच्याच डब्यात बसवली. मग नांदुऱ्याची, चिखलीची पोरं आपले डबे घेऊन यायला लागली. आज माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ते तिथूनच निघालं.

"म्हणजे आता मले उठा लागत नाही?" मायनं विचारलं.

"नाही. आपोआप लागते."

"बरं झालं बाई. सुटली एकदाची."

पण सवय काही सुटली नाही. मशीन फिरल्याचा आवाज आला की आतून विचारायची, "लागली काय बे?" आम्ही "लागली" म्हणायचो. मग तिचं लाटणं पुन्हा सुरू व्हायचं.

तर आता तो डबा मी खोलीत जमिनीवर घेऊन बसलो. आत्या पलंगावर, मांडीवर पिशवी. बाबा आत स्वयंपाकघरात भांडी घासत होते. शेजाऱ्यांनी आठवडाभर जेवण आणून दिलं होतं, त्यांचे डबे परत करायचे होते. वायर लावली तर दिवा लागला, मग ती काढून चिप बघायला मी स्क्रू काढले. आत दोन मेलेली झुरळं आणि माझी चिप, पिवळ्या पडलेल्या गोंदात. तारांवर हिरवट बुरशी. सोल्डरिंग आयर्न जरा लावलं तर तार बोर्डावरची तांब्याची पट्टी घेऊनच वर आली. "च्यायला!" चिपचा एक पायही तुटला. अशी चिप आता मलकापुरात कोणाकडे मिळणार?

"मेलं काय?" आत्यानं विचारलं.

"डबा चालू आहे. चिप गेली. चिपशिवाय या सीड्या चालत नाहीत."

"मंग?"

"एक जुनी तोड आहे. पाहू."

चिपच्या तारा कापून टाकल्या, डबा बंद केला, झाकणाच्या बटणात काडी खुपसली. टीव्ही लावला. फुटबॉलची सीडी घातली, ती फिरायला लागली. मी नकली हातात धरून बसलो. फिरती उचलली, नकली ठेवली, तर पडदा काळा. पुन्हा घातली. या वेळी सीडी बोटाला घासून गेली, पुन्हा काळा. मी दिवसभर तिळाएवढे स्क्रू काढतो, घालतो, माझा हात थरथरत नाही. पण हे जमेना. आत्या घड्याळाकडे बघायला लागली. मला मरणाचा वैताग आला. एवढंसं काम!

पुन्हा घातली. सीडी गरगरली, मग आवाज उतरायला लागला आणि मी डब्यावरून नजर न काढता ओरडलो,

"माय! ये वं लवकर, सीडी बदल!"

आतली भांडी थांबली.

मी तर हात बाजूला घेतले होते, तिला जागा करून दिली होती. मी वाट बघत होतो. खोटं नाही सांगत, खरंच वाट बघत होतो. फुटबॉलची सीडी फिरून फिरून थांबली तेव्हा मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते, दोन्ही हातांना राख आणि पाणी.

"घरात नाही बे ते," बाबा म्हणाले. अगदी हळू म्हणाले, जणू ती वावरात गेली आहे आणि मी उगाच ओरडतोय.

आणि मग मला समजलं. स्मशानात समजलं नव्हतं, तेव्हा समजलं, की मी कितीही ओरडलो तरी आता ती येणार नाही. मी त्या डब्यावर डोकं टेकवलं आणि रडलो, मोठ्यानं, तोंड उघडून, लाज न बाळगता. आत्या पलंगावरून उतरून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. बाबा राखेच्या हातांनीच माझ्याजवळ बसले.

आत्याची दुपारची एसटी गेली. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तिच्या पिशवीत फक्त साड्या होत्या. डबा मी मायच्या साडीच्या त्याच तुकड्यात बांधला. त्यातली फुटबॉलची सीडी काढली नाही.