ण बाणाचा

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकदाही बसून चहा प्यायला नाही, हे मी शपथेवर सांगेन. ख्रिस्ती माणसानं शपथ घेऊ नये, हे मला त्यांनीच सुनावलेलं असलं तरी. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नेवाशाकडच्या मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर, विधुर, मूलबाळ नाही. भाचीच्या ओढीनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते नवी मुंबईत आले आणि आमच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये कसेबसे महिनाभर टिकले. बशीत चहा ओतून घेतला की ते चालू लागत. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून थेट गेटपर्यंत. चहा जिथं संपेल तिथं बशी राही. सोसायटीत कुठंही बशी सापडली, वॉचमनच्या स्टुलाखाली, पंपाच्या खोलीत, एकदा तर सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर, की ती न विचारता आमच्या घरी पोचती होई. स्कूटरवरची बशी तर सेक्रेटरी स्वतःच घेऊन आले होते, तुकड्यांत. "मामा, बसा की जरा," बायको काकुळतीला येई. "बसायला आपण काय इथले मालक आहोत? प्रवासी आहोत पोरी, प्रवासी," असं म्हणत मामा चपला शोधू लागत.

हा प्रवास खोल्यांचाही चाले. तुर्भे, नेरूळ, कामोठे, कोपरखैरणे, कुठंच त्यांचं बूड ठरेना. आणि खोली सोडण्याचं कारण कधी भाडं नसे की पाणी नसे. कारण असे उच्चार. तुर्भ्याची खोली सुटली ती समोरच्या वाण्यानं पाटीवर 'किराना' लिहिलं म्हणून. मामांनी खडूनं 'ना'चा 'णा' केला, वाण्यानं तो पुसला, मामांनी पुन्हा केला. आठवडाभर हे चाललं आणि शेवटी वाणी घरमालकाचा साडू निघाला. मामांचा सगळा जीव त्या एका अक्षरात होता. शाळेत त्यांनी पिढ्यान् पिढ्या 'न नळाचा, ण बाणाचा' घोकून घेतला होता, आणि बाणातला ण ज्याला येत नाही त्याचं पुढं काही व्हायचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. रविवारी वाशीच्या एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आमची उपासना चाले. पाळकसाहेब रंगात येऊन "आपला प्रान..." म्हणाले की मागच्या बाकावरून खणखणीत आवाज येई, "ण!" पाळकसाहेब दचकत, मंडळी खाली बघून हसत, आणि मामा तोवर बाक बदलून दुसरीकडे बसलेले असत.

शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, त्यांची सर्वांत आवडती गोष्ट होती ती नदीच्या उतारावरच्या पहारेकऱ्यांची. लढाईत हरलेले लोक नदी ओलांडून आपल्या घरी पळू बघत होते. पहारेकरी प्रत्येकाला अडवून एकच शब्द म्हणायला लावत. ज्याला त्यातला श म्हणता येईना, तो परका. त्याला तिथंच कापून टाकत. मामा ही गोष्ट डोळे मोठे करून सांगत आणि शेवटी बोट नाचवून विचारत, "यावरून काय शिकायचं? उच्चार नीट हवेत!" आम्ही माना डोलवत असू. पहारेकरी तिथं काय करत होते, हे विचारावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

असे मामा शेवटी घणसोली गावात खोली घेऊन राहिले. जुनं गावठाण, घराला घर चिकटलेलं, आणि आगरी माणसांच्या बोलीत ण औषधालाही नाही. मिशनरी जसा मुद्दाम आडमुलखात जातो तसेच ते गेले असावेत. घरमालकीण साठीची, अंगानं आडवी, आवाजानं उभी. सगळी आळी तिला आई म्हणे. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं 'पानी' सुधारायला घेतलं. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, मना नको शिकवू. माजं पानी पन तुज्या पान्याइतकंच गार हाय." मामांनी तो हंडा उचलून तिच्या दारात नेऊन ठेवला.

त्या दिवसांत पेपरांत बांगलादेशातून चोरून आलेल्या लोकांच्या बातम्या रोज असत. झोपड्या पाडल्या जात, माणसं पकडून पूर्वेकडच्या गाड्यांत बसवली जात. एपीएमसी मार्केटात कांदे निवडणारी जोहरा नावाची एक बाई होती. चाळिशीची, हडकुळी, नवरा तिला तुर्भ्यात सोडून कुठं गेला ते तिलाही ठाऊक नव्हतं. मामा तिथं कांदे घ्यायला जात, म्हणजे खरं तर गाळ्यांच्या पाट्या तपासायला जात. तिची झोपडी पडली तेव्हा ती फाटक्या गोणीवर बसून होती. मामांनी विचारलं, "कुठं जाणार?" ती म्हणाली, "मालूम नहीं." मामा तिला रिक्षात घालून घरी घेऊन आले. घरमालकीण दारातच कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"ही कोन?"

"पाहुण्या आहेत. माझ्याकडे राहतील."

"तू म्हातारा असशील मास्तर, पन पुरुष हायस. ती माज्याकं निजंल." आणि जोहराकडे वळून, "चल गं. जेवलीस का?"

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमची चर्चची कमिटी बसली. मी कमिटीचा सेक्रेटरी. मामांचं म्हणणं, मंडळीनं या बाईची जबाबदारी घ्यावी. शास्त्र सांगतं की परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, परके होता. मंडळीतले एक वडीलधारे, रिटायर्ड फौजदार, म्हणाले, "मामा, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा, हेही शास्त्रच सांगतं. कायदा देवानं नेमलेल्या माणसांच्या हाती आहे."

"योसेफ आणि मरीया बाळ येशूला घेऊन मिसरात गेले, तेव्हा कुठला कागद दाखवला होता?"

"पण बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा मेल्यावर परत गेले ना?"

"मग तुम्ही हेरोद मरेपर्यंत तरी थांबा!"

सगळे हसले. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना केली. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं. माझं मत फौजदारांसारखंच होतं आणि ते मी बोललो नाही. मी मुळात कमी बोलतो. लोक याला सौजन्य समजतात.

इकडे घणसोलीत शिकवणी सुरू झाली. मामा आळीत येरझारा घालत आणि जोहरा ओट्यावर लसूण सोलत त्यांच्यामागून म्हणे, "बाण. वेणी. पाणी." तिचं पाणी मुळात पानीच. "मास्तरसाब, प्यास तो दोनों से जाती है," असं ती कुरकुरे, पण मग हट्टानं जीभ टाळूला लावून बसे. मामा तिला अहोजाहो करत. "जोहराबाई, टाळूला लावा, दाताला नाही." पाहता पाहता तिचा ण असा काही लागला, की तो ऐकायला मामा मला मुद्दाम बोलावून घेत. "ऐका जावईबापू, ऐका! नगरच्या शाळेत असा ण मिळायचा नाही!" ती लाजून पदरात तोंड लपवी. कुणी आपल्याला काही शिकवण्याजोगं समजतं, याचंच तिला अप्रूप असावं.

एके दिवशी घरमालकिणीनं मला बाहेर गाठलं. "जावय, ऐक. मी आलीत सगल्यांना सांगितलंय, ही माज्या भनीची पोर जना, उरनची. तुज्या मामाला सांगितलं नाय. तो खोटं बोलनार नाय, आनी पोटात ठेवनार पन नाय."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? डोकं चालव. ती पयलंच पानी बोलतं, आमच्यासारकंच. कोनाला कलनार नाय. हा मास्तर तिला बामनावानी बोलायला शिकवतंय. उरनची पोर अशी बोलंल? माजं तो ऐकत नाय. तू सांग त्याला, शिकवनी बंद कर."

मी सांगतो म्हणालो आणि आत गेलो. मामा भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते, चेहरा उजळलेला. मी टेकलो, पंख्याकडे पाहिलं, पेपर चाळला आणि उठून घरी आलो. पुढच्या वेळीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मामांचा आनंद मोडवेना, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. खरं सांगायचं तर ती बाई जायला मला हवी होती. माझ्या हातानं नको होती, कुणाच्या तरी हातानं, कायद्यानं, रीतसर. सरकारी नोकरीतला माणूस मी. मामांच्या पायी उद्या माझं नाव कुठं आलं तर, ही धास्ती मला रात्रंदिवस कुरतडत होती. हे आजवर मी कुणापाशी बोललो नाही.

एका रविवारी उपासनेनंतर मी मामांचा डबा घेऊन गेलो होतो. ओट्यावर डबा उघडतोय तोच हवालदार आला, बरोबर एक शिपाई, आळीच्या तोंडाशी जीप. हवालदार साताऱ्याकडचा, घाम पुसणारा, रविवार बुडाल्यानं वैतागलेला.

"आजी, ही कोण?"

"माज्या भनीची पोर. जना. उरनची."

मामांनी चमकून घरमालकिणीकडे पाहिलं. उरणचं त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"बाई, तुम्ही बोला. काय काम करता?"

जोहरानं मामांकडे पाहिलं. परीक्षेला बसलेलं मूल मास्तरांकडे बघतं तसं. मग जीभ नीट टाळूला लावून म्हणाली, "मी कांदे निवडते. आपण बसा ना. पाणी आणू?"

एकही ण चुकला नाही. घरमालकिणीनं कपाळाला हात लावला. हवालदार आधी हसलाच. "आजी, निम्मी नोकरी उरणात काढली मी. मला तिथं आजवर कुणी 'आपण' म्हटलं नाही, आणि पाणी तर कुणीच विचारलं नाही." मग हसणं आवरून तो मामांकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा. ही उरणची का?"

"या माझ्या विद्यार्थिनी आहेत."

"ते कळलं. मूळच्या कुठल्या?"

"मूळचा कोण कुठला असतो हवालदारसाहेब? तुम्ही साताऱ्याचे, मी नेवाशाचा..."

"मला येताना देशाची हद्द ओलांडावी लागली नाही मास्तर. उरणची का? हो की नाही?"

मामांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खोटं त्या तोंडातून निघेना. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. पांढरा शर्ट, काखेत शास्त्र, खिशाला सरकारी ओळखपत्र. "साहेब, तुम्ही तर शिकलेले दिसता. तुम्ही ओळखता हिला?"

मी 'हो' म्हणालो असतो तर त्यानं कदाचित ऐकलं असतं. जायला त्यालाही निमित्तच हवं होतं. मी म्हणालो, "मी आत्ताच आलोय."

वाक्य अक्षरशः खरं होतं.

तिला कपडे घ्यायला वेळ दिला गेला. जीपमध्ये चढताना ती वळली आणि निरोपाला म्हणाली, "मास्तरसाब, येते." आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत, हे तिला मामांनीच शिकवलं असणार. मामा जीपमागे धावले, एक चप्पल आळीतच राहिली. चौकीबाहेर ते दिवसचे दिवस येरझारा घालत राहिले, आणि तिला इतरांबरोबर गाडीत बसवून दिलं असं कळल्यावरच परतले.

त्यानंतर उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या सांगण्याच्या वेळी मामा उभे राहत. "माझ्या 'ण'मुळं एक बाई गेल्या. मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना करावी." मागची पोरं फिदीफिदी हसत, त्यांना वाटे, मामांचं नेहमीचंच. मी डोळे सगळ्यांच्या आधी मिटून घेई. एकदा माझ्यापाशी म्हणाले, "जावईबापू, ती उताराची गोष्ट मी आयुष्यभर पहारेकऱ्यांच्या काठावरून सांगत आलो." तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मामा, दोष तुमचा नाही, शिकवणी थांबवा असा निरोप माझ्यापाशी होता, एवढंच. मी म्हणालो, "जेवून घ्या."

मामांनी मात्र ती खोली काही सोडली नाही. बायकोनं किती आग्रह केला, पाळकसाहेबांनी वाशीत जागा बघून दिली. "येते म्हणाल्या आहेत," एवढंच म्हणत आणि रिक्षास्टँडपर्यंत जाऊन परत येत; पुन्हा जात, पुन्हा येत. मामा गेले तेही त्याच खोलीतून.

खोली रिकामी करायला मी एकटाच गेलो. एक ट्रंक, चार पुस्तकं, खडूंची पेटी. तासाभराचंही काम नव्हतं. घरमालकीण ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. इतकी वर्षं जे तोंडाशी येऊन परत जात होतं, ते त्या दिवशी निघालं.

"आई, तुम्ही मला निरोप दिला होता, हे मामांना कधी सांगितलं नाही?"

"सांगनार व्हते. पार जिभंवर आलं व्हतं."

"मग?"

तिनं सुपातला कचरा उडवला. "मंग काय? त्याला भाचजावय येकच व्हता."

मला वाटलं, आता ती मला चांगलं फैलावर घेईल. त्याची मी तयारी केली होती, कदाचित वाटच पाहत होतो. तिनं सूप अर्धं माझ्याकडे सरकवलं. ट्रंक तशीच दारात ठेवून मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर सुकट निवडू लागलो.