गुरुवारपर्यंत थांबलेली डॉक्टर

“अन् लपवलेल्या?”

म्हाताऱ्या माणसाने गोळ्यांची पिशवी समोर ठेवली की ती हे विचारायचीच. विचारताना बाजेशेजारी खाली मांडी घालून बसायची. आपण त्यांच्यापेक्षा उंच दिसलो की माणसं खरं सांगत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी अमडापूर भागात आरोग्य सेविका आहे. ती नांदुऱ्याची, डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारी. म्हातारी माणसं एका वेळी कोणकोणती औषधं घेतात, हे घरोघरी जाऊन लिहायचं, असं त्यांच्या कॉलेजचं संशोधन होतं. वॉर्डात बसून म्हातारपण शिकता येत नाही म्हणून तिच्या सरांनी शिकाऊ डॉक्टरांनाच या कामाला लावलं होतं. घरं दाखवायला मी.

तुमच्याही घरात कुणी म्हातारं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल. पिठाच्या डब्यातून, उशीच्या खोळीतून, लुगड्याच्या गाठीतून गोळ्या निघत. एका आजोबांनी मलमाची डबी काढली.

“हे बैलाचं हाये. पण गुडघ्याले लय गुण येते.”

ती हसली नाही, रागावली नाही. “दिवसातून कितीदा लावता?” असं विचारून फॉर्मवर लिहिलं: बैलाचं मलम, दोन वेळा. बाहेर आल्यावर मात्र आम्ही दोघी स्कूटीला टेकून पोट दुखेपर्यंत हसलो.

गावाच्या टोकाला एक आजी एकट्याच राहत. त्यांच्याकडे गेलो तो सोमवार होता. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. एक इथल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं लेकीकडे मेहकरला गेल्या तेव्हाचं. नावं वेगळी, औषध एकच. आजी दोन्ही रोज घ्यायच्या.

“उठलं का गरगरते मले,” आजी म्हणाल्या.

तिने आधी निजवून, मग उभं करून दाब मोजला. उभं राहताच तो एकदम खाली आला.

“आजी, यातली एक...” ती म्हणाली आणि थांबली. फॉर्मवर फक्त नोंद करायची होती. तिने अंगणात जाऊन सरांना फोन लावला. सर घाईत होते. गुरुवारी मी येतोच आहे, तेव्हा बघू, म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, “राहू द्या मॅडम. आपण बंद करायला सांगितलं अन् उद्या काही झालं, तर आपल्यावरच येईल.”

तिने दोन्ही पाकिटं पिशवीत परत ठेवली. “आजी, हळू उठत जा,” एवढंच सांगितलं.

बुधवारी सकाळी आजी न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याला नेलं, पण काही दिवसांतच त्या गेल्या. गोळ्यांमुळे पडल्या की ओल्या फरशीमुळे, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. लेक म्हणाली, “वयच झालं होतं मायचं.” आम्हाला कुणी काही बोललं नाही.

आजींच्या मातीहून ती माझ्याकडे आली. आंघोळी झाल्यावर मी पिठलं-भाकर वाढली. तिने सगळं खाल्लं, ताट घासून पालथं घातलं. एरवी माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायची. त्या दिवशी घरचं बोलली.

“ताई, मले काहीच वाटून नाही राह्यलं. काऊन?”

“मलेही नाही,” मी म्हटलं. खरंच नव्हतं वाटत. मी लसीकरणाची यादी करत बसले. ती भिंतीकडे पाहत होती.

उरलेली घरं आम्ही संपवली. आता कुठे काही चुकीचं दिसलं की ती तिथूनच सरांना फोन करायची, ते वैतागले तरी.

पुढे मोठ्या डॉक्टरांसमोर काम मांडायचं होतं. सर तिला म्हणाले होते की आजींचं घर वगळ, नाहीतरी माहिती अपुरी आहे. तिने वगळलं नाही. मीही गेले होते, मागच्या खुर्चीवर होते. सगळे आकडे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मला सोमवारी कळलं होतं. मी गुरुवारची वाट पाहिली.”

तिला थांबवलं होतं मी, हे तेव्हा उठून सांगायला हवं होतं. मी पदराचं टोक धरून बसून राहिले. सर कागद चाळत होते. मग म्हणाले, “मीही वाट पाहायला सांगितलं होतं. फॉर्म बदलावा लागेल.”

शिक्षण संपवून ती गेली. कुठे, ते मला माहीत नाही. तिचा नंबर आता लागत नाही.

यंदा नव्या शिकाऊ डॉक्टर आल्या आहेत. परवा एका घराच्या ओट्यावर त्यातली एक फॉर्म भरता भरता म्हणाली, “ताई, ‘त्याच दिवशी कळवले का?’ हा रकाना कुणी घातला हो?”

“होत्या एक मॅडम,” मी म्हटलं. मग म्हटलं, “मी त्यांना थांबवलं होतं.”

हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. तिला काही उमगलं नाही. पेन तसंच धरून ती पुढचं ऐकायला थांबली.

“थांबू नका,” मी म्हटलं. “आधी फोन लावा.”