खालची तोटी

मी शाळेचं काही सांगायला लागलो की बायको म्हणते, "झालं सुरू तुमचं!" काय करणार? बदल्या झाल्या, रिटायर झालो, पण त्या दोन खोल्यांतलं एकही पोरगं डोक्यातून उठायला तयार नाही. लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हाचं हे. शाळा चौथीपर्यंत. मास्तर दोघंच, हेडमास्तर स्वामी गुरुजी आणि मी.

०

पाटी थुंकीनं पुसायची नाही, हा माझा कडक नियम. एकदा पहिलीतल्या पोराचा कान धरला. "पाण्यानं पूस!"

ते म्हणालं, "गुरुजी, प्यायला न्हाई, पाटीला कुठलं?"

कान सोडला. नियमही सोडला.

०

एकदा साहेब तपासणीला आले. नेमका टँकरचा हॉर्न वाजला अन् सगळी शाळा घागरी घेऊन पसार! साहेब रिकाम्या वर्गाकडं बघत राहिले. "पोरं कुठंयत?"

स्वामी गुरुजी म्हणाले, "हजर हायत साहेब, रांगेत हायत!"

मग हजेरी टँकरपाशीच घेतली. 'हजर' म्हणताना एकाही पोरानं घागरीवरची नजर काढली नाही. साहेबांनी तिथंच विचारलं, "आपला जिल्हा कोणता?"

चौथीतली सरू म्हणाली, "पुस्तकातला सांगू का खरा?"

पुस्तकात अजून उस्मानाबादच होतं.

०

वाचनात आमची शाळा कच्ची, लई कच्ची. पण तोंडी हिशेबात कुणाला ऐकायची नाही! टँकरच्या घागरी घरटी वाटता वाटता पोरं भागाकार शिकली होती. त्यात सरू सगळ्यात पुढं. गावात पाचवी नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली तर ती लातूरला वसतिगृहात राहून शिकणार, नाही तर आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला. बापानं तसं तोंडावर सांगितलं होतं.

अन् तिचा फॉर्म परत आला! का, तर शिक्का जुन्या जिल्ह्याचा. नवा शिक्का आम्हाला मिळालाच नव्हता. स्वामी गुरुजींनी ब्लेड घेऊन रबरावरचं 'उस्मानाबाद' खरवडून काढलं, पुढं पेननं लातूर लिहिलं. मी एसटीनं ऑफिस गाठलं.

क्लार्क म्हणाला, "गुरुजी, जिल्हा हातानं काढलाय होय?"

"साहेब, तुमचाबी नवाच हाय की. घ्या चालवून."

घेतलं बाबानं.

०

परीक्षेला हौदाचं गणित येणार, हे मला ठाऊक होतं. सरूकडून दहादा घोटून घेतलं. वरची तोटी चार तासांत हौद भरते, खालची सहा तासांत रिकामा करते, दोन्ही एकदम उघडल्या तर हौद किती वेळात भरेल? पेपरात अगदी तेच आलं.

निकाल लागला. सरू थोडक्यात हुकली. मराठीत निभावली, अन् गेली ती गणितात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तसाच रस्त्याच्या कामावर गेलो. पोर खडी फोडत होती. हाताला चिंध्या बांधलेल्या. ते बघून राग कुठल्या कुठं गेला, नुसतं वाईट वाटलं.

"सरू, हौदाचं तरी आलं का न्हाई?"

"आलं की. बारा तास." तिनं हातोडी खाली ठेवली. "पण गुरुजी, तवर खालच्या तोटीतनं दोन हौद पाणी वाहून गेलं! कुठं गेलं, तेच हुडकत बसले. घंटा झाली."