साडेसातचा बिघाड

लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा मी आधी माझ्या नशिबाला शिव्या घातल्या. दोन वर्षं मन मारून घेतलेलं गेमिंग मशीन होतं ते. माझं वय अडतीस, लग्न जमलेलं नाही, आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. अशा माणसाला संध्याकाळी कुणीतरी "आलास का?" म्हणायला लागतं. माझे कॉलेजचे दोन मित्र ते म्हणायचे. एक बंगळुरूला, दुसरा हैदराबादला. रोज साडेसातला हेडफोन लावून आम्ही तिघं एका गोळीबाराच्या गेममध्ये भेटायचो. गेम हे निमित्त होतं. दीड तास माझ्याशी कुणीतरी बोलायचं, मला तेवढंच हवं होतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं झकास चालायचं. मग चित्र थबकायचं, पुढे उडी मारायचं, पुन्हा थबकायचं. मी भिंतीआड लपायला निघायचो आणि चित्र हलेपर्यंत मेलेला असायचो. पहिले काही दिवस मित्र हसले. नंतर हसणं थांबलं, ते जास्त वाईट. गेम तिघांचा, एक अडखळला की तिघंही हरतात. एके दिवशी बंगळुरूवाला फार गोड आवाजात म्हणाला की त्याच्या ऑफिसातला एक जण चांगला खेळतो, महिनाअखेरपर्यंत माझं काही जमलं नाही तर तात्पुरतं त्याला घेऊ. तात्पुरतं म्हणजे काय ते मला कळतं. मी इतकी वर्षं नोकरी केली आहे.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना मी नाना म्हणतो. तेही अंबडलाच, एका कारखान्यात पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. ती होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. 'नानांना सांग', 'त्याला विचार', असं. ती गेल्यावर लक्षात आलं की एकमेकांशी थेट बोलायची आम्हाला सवयच नाही. तिच्या आजारपणात माझ्या खोलीतला प्लगपॉइंट जळाला होता. नाना "करतो" म्हणाले आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून हॉलमधल्या बोर्डावरून एक एक्स्टेन्शन माझ्या टेबलापर्यंत आलेलं होतं.

मी कामाला लागलो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना टाकला, मग नवा टाकला, मग पुन्हा जुना. मागे गुपचूप चालणारे अपडेट बंद केले. लॅपटॉपखाली पंखेवालं स्टँड आणलं. विंडोज पुसून नव्याने टाकलं. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचं, ही कंपनीतली शिस्त मी घरीही पाळली. इंटरनेटवर तक्रार टाकली तर पहिल्याच माणसाने विचारलं, चार्जर लावलेला असतो ना? मला त्याचा राग आला. समोर वायर दिसतेय, मी काय शेंबडं पोर आहे? मी त्याला उत्तरही दिलं नाही.

रोज आठच्या सुमाराला गेम निकामी झाला की मी वैतागून हॉलमध्ये येऊन बसायचो. नाना टीव्हीचा आवाज कमी करून चहा ठेवायचे. मग मी आज काय केलं, काय उपयोग झाला नाही, सगळं ओकायचो. ते मान हलवत ऐकायचे. चहा संपवून परत गेलो की मशीन सुतासारखं सरळ, पण तोवर मित्र उठून गेलेले असायचे. नानांचा अख्खा जन्म बिघाड शोधण्यात गेला होता. तरी "तुम्हाला काय वाटतं?" असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांचं ज्ञान मोटारी आणि पॅनेलांपुरतं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शेवटी एका रविवारी मशीन घेऊन आमच्याच शहरातल्या द्वारका चौकात गेलो. तिथे लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी धूळ काढली, प्रोसेसर थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट बदलली, आणि माझाच गेम दोन तास चालवून ठेवला. एकदाही अडखळला नाही. मशीनमध्ये काही नाही, त्या म्हणाल्या, घरचा वीजपुरवठा बघा, ओळखीचा एखादा इलेक्ट्रिशियन आहे का? बघतो, म्हणालो मी. घरी येऊन नानांना नुसतं 'पेस्ट बदलली' एवढंच सांगितलं.

सोमवारी खेळताना मी स्क्रीनच्या कोपऱ्यात मशीन किती वीज घेतंय तो आकडा लावून ठेवला. आठला दहा कमी असताना आकडा झपकन निम्म्याच्या खाली आला आणि त्याच क्षणी चित्र थबकलं. मी वाकून टेबलामागे पाहिलं. चार्जरचा दिवा विझलेला होता. वायर जागेवर होती, फक्त तिच्यातून काही येत नव्हतं. मी हेडफोन काढला आणि एक्स्टेन्शनच्या मागे मागे हॉलमध्ये गेलो.

नाना बोर्डापाशी उभे होते. हात अजून बटणावर.

एरवी मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. महिनाभर मी वेड्यासारखा फिरतोय, मित्र मला काढायला निघालेत, आणि तुम्ही इथे उभं राहून हे करताय? ते म्हणाले, "बंद नाय पडत तो. बॅटरी असती त्याला. नुसता मंद होतो. बघितलं मी." मशीनला धक्का लागणार नाही याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती. त्यामुळे तर मी आणखीच भडकलो.

"तुम्हाला दुसरं काही काम नाही का, नाना?"

"नाय," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मग साहेबाला बिघाडाचा रिपोर्ट द्यावा तसं पुढचंही सांगितलं. पहिल्या दिवशी पंख्याच्या ऐवजी चुकून हे बटण दाबलं गेलं. "तर तू बाहेर आला. अर्धा तास बसला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बघू. बटण बंद केलं का तू बाहेर येतो."

त्यांनी बटण चालू केलं आणि मी आत गेलो. मित्रांना सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता, मिटला. ते खूश झाले. त्या दिवशी आम्ही जिंकलोसुद्धा.

त्या शनिवारी मला ओव्हरटाइम होता. घरी आलो तर माझ्या खोलीतला जळका पॉइंट बदललेला. नवं सॉकेट, भोवतीचं प्लास्टर बोटाने नीट फिरवलेलं. एक्स्टेन्शन गुंडाळून माळ्यावर गेलं होतं. नानांनी टेस्टर लावून दाखवला आणि म्हणाले, आता हॉलचा आन् तुझा काही संबंध नाय. मला लाज वाटली. ती बोलून दाखवायला हवी होती. मी फक्त "बरं झालं" म्हणालो.

सोमवारी साडेसातला बसलो. गेम लोण्यासारखा चालला. आठला दहा कमी झाले, आठ वाजले, काहीच झालं नाही. सव्वाआठला मीच मित्रांना थांबायला सांगून हेडफोन काढला आणि बाहेर आलो. नाना दचकून उठायला लागले.

"का रं, परत अडकला?"

"नाही. नीट चालतोय."

"मग?"

बिघाड होता तेव्हा अर्धा तास पुरायचा नाही, आणि आता सांगायला एक वाक्य नव्हतं. त्यांना वाटलं मी पाणी प्यायला आलोय, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचा दिवा लावून दिला. मी पाणी प्यायलो आणि आत गेलो.