पाच ते सात, फक्त महिला

शारजातल्या आमच्या इमारतीच्या पोडियमवरचे टेनिस कोर्ट गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद करण्यात आले. नेट काढले, खांब मुळापासून कापले, आणि वर्ष संपायच्या आत त्याच जागेवर काचेच्या भिंतींची पॅडेलची दोन कोर्टे उभी राहिली. पॅडेल हा टेनिसचाच धाकटा भाऊ, लहान जागेत चौघांनी खेळायचा. सध्या या देशात त्याची लाट आहे.

पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची मोकळी गच्ची. पोहण्याचा तलाव, जिम आणि कोर्ट, तिन्ही तिथेच. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी पाच ते सात ही वेळ कोर्टावर बायकांची होती. गेल्या गेल्या पहिले काम कापड लावायचे. रोल्लाच्या बाजारातून आणलेले हिरवे शेडचे कापड जाळीच्या कुंपणाला चारही बाजूंनी क्लिपांनी अडकवायचे. वारा असला की एका बाजूचे कापड लावेपर्यंत दुसऱ्या बाजूचे सुटायचे. जिमच्या खिडकीचा पडदा सिक्युरिटीवाला न सांगता ओढून घ्यायचा आणि जिन्याच्या दाराबाहेर जाऊन बसायचा. मग खेळ सुरू.

हे दोन तास चौदाव्या मजल्यावरच्या ताईंनी मिळवले होते. ताई पुण्याच्या, कॉलेजात असताना राज्य पातळीवर खेळलेल्या, आता साठीच्या पुढच्या. त्या शिकवायच्या, आणि आम्ही आठ-दहा जणी येऊ तशा शिकायचो. मी एका वर्तमानपत्राच्या स्पोर्ट्स डेस्कवर बरीच वर्षे होते. छापील अंक आटल्यापासून घरून कॉपी तपासते. त्यामुळे ताई मला नावाने हाक मारत नसत. "काय एडिटर" म्हणायच्या.

बुकिंग ॲपवरून होई आणि ते ताईंच्या फ्लॅटच्या नंबरवर होई. कायम. सगळ्यांचे भाडेकरार नवऱ्यांच्या नावावर, आणि ताई सोडून बाकीच्यांचे ॲपही नवऱ्यांच्या फोनवर. कोर्ट बुक केले की त्यांना मेसेज जाणार, मग ऑफिसातून फोन येणार. "ताई, तुम्हीच करा ना," हे पहिल्या आठवड्यात कोणीतरी म्हणाले आणि तोच रिवाज पडला.

आम्हा सगळ्यांत खरी खेळाडू एकच होती. नवव्या मजल्यावरची, दहावीत शिकणारी मुलगी. घर मूळचे कोकणातल्या म्हसळ्याचे. वडील फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, घरी येत ते शनिवार-रविवारी. घरात आई, धाकटी भावंडे आणि आजोबा. आजोबांना सगळी इमारत दादा म्हणायची. ताईंनी तिला तीन वर्षे शिकवले होते आणि आता ताईंचे तिच्यापुढे चालत नव्हते. तिची सर्व्हिस कापडावर आपटली की क्लिपा निघायच्या.

शारजात फक्त महिलांसाठी होणाऱ्या स्पर्धा असतात. खेळाडू बायका, पंच बायका, प्रेक्षकही बायकाच. अशी एक स्पर्धा जानेवारीत होती आणि ताईंनी या मुलीचे नाव द्यायचे ठरवले होते. दादांकडे त्या स्वतः गेल्या. मी बरोबर होते. दादांनी चहा मागवला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खेळू दे. पण सराव इथेच, आपल्या बिल्डिंगमध्ये, तुमच्यासमोर. बाहेरच्या क्लासला नाही. परका मर्द बघेल तिथे नाही." ताई म्हणाल्या, "कबूल." दादा म्हणाले, "इन्शाल्ला." मुलगी दाराआड उभी होती. तिची पावले मला दिसत होती.

म्हणजे ते दोन तास राहिले तर तिचे टेनिस राहणार होते. नाहीतर नाही. तिची आई गाडी चालवत नव्हती, आणि चालवत असती तरी अट बदलली नसती.

खेळाच्या मध्ये आम्ही बाकावर बसायचो आणि ताई जुन्या विजेत्या बायकांच्या गोष्टी सांगायच्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी, पण सांगताना कालच कोर्टावर भेटून आल्यासारख्या.

"अकरा जणी होत्या," ताई सांगत. "बायकांचं बक्षीस पुरुषांच्या मानाने इतकं कमी, की त्या म्हणाल्या, जा, नाही खेळत तुमच्या स्पर्धेत. एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि वेगळ्या उभ्या राहिल्या. खरं ना गं, एडिटर?"

"खरं. पण नऊ जणी."

"मागच्या वेळीही हिने माझ्या दोन कमी केल्या."

"एक डॉलर?" सातव्या मजल्यावरची एक जण म्हणाली. "म्हणजे साडेतीन दिरहम. रोल्लाला दोन कडक चहा होतील."

"तेवढ्यावर बायकांचं अख्खं व्यावसायिक टेनिस उभं आहे, बाई. रस्त्यात उभं राहून तिकिटं विकली त्यांनी स्वतःच्या सामन्यांची."

मुलीला मात्र त्याच्याही आधीची एक विजेती जास्त आवडायची. ती कृष्णवर्णीय होती आणि तिला पूर्वी गोऱ्यांच्या क्लबांत पाऊल टाकता येत नसे. सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकून परतली तेव्हा शहराने तिची मिरवणूक काढली होती.

"देन व्हॉट हॅपन्ड टु हर, टीचर?"

"मग काय. तेव्हा हौशी खेळाडूंना बक्षिसाचे पैसेच नव्हते. टेनिस सोडून दुसरी कामं शोधावी लागली तिला."

"आफ्टर द परेड?"

"परेडनंतरच."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती माहितीही बरोबर होती.

ऑगस्टच्या शेवटी लिफ्टमध्ये नोटीस लागली. महिलांची वेळ बदलून दुपारी दोन ते चार करण्यात येत आहे. संध्याकाळी ऑफिसातून परतणाऱ्या रहिवाशांची मागणी लक्षात घेता, वगैरे. शारजात ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता कोर्टाच्या पृष्ठभागावर बूट ठेवता येत नाही. उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत भर दुपारी मजुरांकडून उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी असते. दोनची वेळ त्या बंदीच्या तासांत येत होती.

ताईंनी आम्हाला आपल्या घरी बोलावले. दहा जणी आल्या. मुलगी आईबरोबर आली.

"आपण दोनला जायचं नाही," ताई म्हणाल्या. "एकीनेही नाही. ॲपवर एकही बुकिंग करायचं नाही. कोर्ट रिकामं पडलेलं दिसलं की त्यांना कळेल. त्या नऊ जणींनी काय केलं? नाही म्हणाल्या. त्याशिवाय कोणी ऐकत नाही."

"खलास," सातव्या मजल्यावरची म्हणाली. "मी नाहीच जात. दोन वाजता मी दुधालासुद्धा खाली जात नाही."

सगळ्या हसल्या. मुलगी हसली नाही.

"टीचर, बट दे हॅड समव्हेअर एल्स टु प्ले."

"काय?"

"त्या नऊ जणी. त्यांनी दुसरी टुर्नामेंट केली ना. दे डिड नॉट स्टॉप."

ताई म्हणाल्या, "आपणही थांबत नाहीये, बाळा. महिनाभर. फार तर दीड. ऑक्टोबरात हवा बदलली की वेळ परत मिळते की नाही बघ."

"मी एकटी दोन वाजता खेळू? मला चालतं ऊन."

"एक जण गेली की सगळ्यांचं गेलं. हे असंच असतं."

आई तिला म्हणाली, "टीचर सांगतात ते ऐक." मुलीने ऐकले.

सप्टेंबर गेला. कोर्टावर कोणी गेले नाही. संध्याकाळच्या वेळेत पहिले काही दिवस पुरुष खेळले, मग तेही तुरळक झाले. उकाडा होता आणि ज्यांनी मागणी केली होती त्यांतले बरेच आधीच दुसरीकडे पॅडेल खेळायला जात होते. हिरव्या कापडाची गुंडाळी ताईंच्या बाल्कनीत होती. एकदा मी नवव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले तर मुलगी कॉरिडॉरमध्ये चेंडूशिवाय सर्व्हिस करत होती. हात वर, वळसा, खाली. छत कमी उंचीचे म्हणून रॅकेट अर्ध्यावर धरलेली. मला बघून थांबली.

"स्विंग विसरायला नको, आंटी," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या मध्यावर दुसरी नोटीस आली. कमी वापरामुळे टेनिस कोर्ट बंद करून पॅडेलची सोय करण्यात येत आहे. ताई त्याच दिवशी तळमजल्यावर मॅनेजरकडे गेल्या आणि जाताना मला घेऊन गेल्या. मॅनेजर भारतीय, बोलायला नम्र. त्याने खुर्च्या दिल्या आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला.

"मॅडम, ये देखिए. लेडीज स्लॉट, सप्टेंबर, झिरो. ऑक्टोबर, झिरो."

"तो निषेध होता," ताई म्हणाल्या. "वो प्रोटेस्ट था."

"प्रोटेस्ट का मुझे कोई ईमेल नहीं आया, मॅडम."

"आम्ही वेळ बदलल्याचा निषेध केला. सबको मालूम था."

"मुझे नहीं मालूम था. सिस्टम में खाली दिखता है, बस."

ताईंनी त्याआधीचे महिने बघायला सांगितले. त्याने बघितले. पाच ते सातची सगळी बुकिंगं होती. एकही दिवस चुकलेला नव्हता. मॅनेजरने बोट स्क्रीनवर ठेवले.

"लेकिन ये तो एक ही फ्लॅट है, मॅडम. आपका. पूरे टॉवर में एक फ्लॅट."

"दहा जणी येत होत्या रोज."

"नाम?"

ताईंनी नावे सांगायला सुरुवात केली आणि थांबल्या. मॅनेजरने समजावून सांगितले की तक्रार भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्याच्याच ईमेलवरून यावी लागेल, आणि इमारतीच्या मालकांचा नवा करार तर झालेला आहे. पॅडेलवाल्या कंपनीचे लोक जागा मोजून गेले होते.

"काचेच्या भिंतींना कापड लावता येईल का?" ताईंनी विचारले.

"ग्लास पे क्लिप कैसे लगेगी, मॅडम? और वॉरंटी का प्रॉब्लेम होगा."

तरीही ताई घरोघर गेल्या. त्यांच्या नवऱ्याने ईमेल केला. सातव्या मजल्यावरच्या बाईच्या नवऱ्याने करतो म्हटले. दोघींनी सांगितले की घरात हा विषय काढणे सध्या बरे नाही. मुलीच्या वडिलांना फुजैराला फोन करावा असे ताईंचे मत होते. आईने करू नका म्हटले. "ते म्हणतील, एका खेळासाठी मॅनेजमेंटशी कशाला वाकडं घ्यायचं. भाडेकराराचं रिन्युअल आहे आमचं, ताई." मालकांकडे एकच ईमेल गेला. त्याला पोच आली, उत्तर आले नाही.

कापायचे काम सुरू झाले त्या दुपारी ताई, मुलगी आणि मी जिमच्या खिडकीशी उभ्या होतो. कामगाराने ग्राइंडर लावला आणि नेटचा खांब खाली गेला.

"त्या नऊ जणींत," ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "जगात पहिल्या नंबरची होती एक. ती गेली की लोकांना कळायचं कोण गेलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "होती ना गं?"

मी म्हटले, "त्या काळात अव्वल मानली जाणारी होती."

मुलीने विचारले, "दादांना सांगितलं का?"

"सांगते," ताई म्हणाल्या.

त्यांनी दादांना सांगितले. महिलांच्या एका क्लबचे नाव सुचवले, मीच घेऊन जाईन, मीच आणीन, असेही म्हटले. दादांनी पुन्हा चहा मागवला. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही जबान दिली होती, बिल्डिंगमध्ये म्हणून," ते म्हणाले. "मी तेवढ्यावर हो म्हणालो होतो. आता बिल्डिंगमध्ये नाही तर नाही." अट ताईंनीच कबूल केली होती.

जानेवारीच्या स्पर्धेत मुलीचे नाव गेले नाही. तिला दहावीच्या परीक्षेच्या तयारीसाठी क्लास लावला. तो ऑनलाइन होता.

फेब्रुवारीत पॅडेलवाल्या कंपनीने ताईंना विचारले की नवशिक्यांच्या शनिवार सकाळच्या बॅचला शिकवाल का. बॅच मिक्स, बायका-पुरुष एकत्र. ताईंनी हो म्हटले. त्यांनी मला फोन करून सांगितले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "घरात बसून करू तरी काय." आता शनिवारी जिमसमोरून जाताना त्या काचेच्या आत दिसतात. हिरवे कापड त्यांनी खालच्या सुपरमार्केटवाल्याला दिले. तो ते भाजीच्या क्रेटवर टाकतो.

मुलगी लिफ्टमध्ये भेटते. "हॅलो आंटी" म्हणते. परीक्षा कशी गेली विचारले तर "ओके" म्हणते.

एप्रिलमध्ये तिच्या आईने गावी कार्गोचे खोके भरले. खजूर, दुधाची पावडर, साबण, चादरी, भाच्यांचे बूट. मी टेप धरायला गेले होते. खोक्यात एका बाजूला उभी जागा उरली होती. मुलगी आतून रॅकेट घेऊन आली आणि त्या जागेत बसते का बघितले. तिरकी करून बसली.

"कोणाला?" मी विचारले.

"मामूची मुलगी आहे ना. शी इज नाइन."

"तिथे कोर्ट आहे?"

"नो."

आईने वर चादर दाबली आणि मी टेप लावली. कार्गोवाला दुसऱ्या दिवशी खोके घेऊन गेला.

मे महिन्यात म्हसळ्याहून मामीचा फोन आला. खोके पोचले होते. फुटके काही नव्हते, रॅकेटसकट सगळे सामान मिळाले होते.