दोन डिस्क आणि एक घड्याळ

घरात तिला सगळे थोरली म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा बूट म्हणजे पायात घालायची वस्तू, एवढंच तिला ठाऊक होतं. सासरे मात्र वेगळेच बूट करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकलेली, कुणाला दुकानातला एकही जोड होत नाही, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. घराची पुढची खोली हाच कारखाना. दारापासून खिडकीपर्यंत भिंतीला लाकडी फर्मे टांगलेले, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम घासलेले ठोकळे. त्या ठोकळ्यावर चामडं ओढून बूट बांधायचा. नवीन माणूस आत आला की भिंतीवरचे एवढे पाय बघून आधी दचकायचाच.

थोरली आधी शिलाई शिकली, मग टाच लावायला शिकली. पुढे पायाचं माप घेणारा स्कॅनर आला आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही तिच्याच गळ्यात पडला.

मग सासऱ्यांचं मनगट गेलं. डॉक्टरांनी कानस हातात धरायची नाही म्हणून बजावलं. कानस नाही तर फर्मा नाही, आणि फर्मा नाही तर बूट नाही. होती नव्हती ती पुंजी घालून फर्मे कोरणारं मशीन आणलं. ते दारात आल्यावर कळलं की हे मशीन फक्त नव्या सिस्टीमचं ऐकतं. स्कॅनरचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही, आणि तो बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळलेला. कॉम्प्युटर घरात एकच, दुसरा घ्यायला काही उरलं नव्हतं.

धाकट्या दिराने हातासरशी उपाय केला. तो एका ऑफिसात कॉम्प्युटरचीच कामं करतो. त्याने एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टीम बसवायला घेतल्या, आणि नवीने जुनीला गिळलं. जुनी कशीबशी परत आली, पण साठवलेले निम्मे पाय गेले. सासऱ्यांनी त्या दिवशी आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, कॉम्प्युटरला आता कुणी हात लावायचा नाही, मशीन परत करू आणि दुकान बंद करू.

नेमकी त्याच आठवड्यात पोस्टातली बाई आली. तिचा उजवा पाय आखूड. दिवसभर काउंटरला उभं राहायचं, जुने बूट झिजलेले, फर्म्याला तडा गेलेला. सासरे नाही म्हणणार, तेवढ्यात थोरली बोलून गेली, "पुढच्या सोमवारी या. माप घेऊ." बाई गेल्यावर सासरे तिच्याकडे वळले. "सोमवारी जमलं नाही तर मशीन जाणार," एवढंच ते म्हणाले.

थोरलीने दुपारच्या दुपारी याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. दोन संसार एका चुलीवर लादले, गडबड तिथेच होती. तिने दुसरी, लहानशी डिस्क आणली. नवी सिस्टीम बसवताना जुन्या डिस्कची वायर काढूनच ठेवायची, हे तिने मनाशी पक्कं केलं. जी जोडलेलीच नाही तिला कोण गिळणार?

दिराला हे फाजील वाटलं. "वहिनी, एवढं घाबरायचं कारण नाही. बसवताना डिस्क नीट निवडली की झालं."

"मागच्या वेळी तुम्ही नीटच निवडली होती ना, भावजी?"

त्याने डोकं खाजवलं आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत ही धूळ. थोरलीने पॉलिशचा कोरा ब्रश घेऊन पंखा साफ केला, जुन्या डिस्कच्या वायरीला शिलाईचा लाल दोरा बांधला आणि ती उपसली. नवी सिस्टीम नव्या डिस्कवर बसली. मग वीज बंद करून लाल दोऱ्याची वायर जागेवर लावली. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबलं की तो विचारायचा, कुठल्या डिस्कवरून उठू? जुनीवरून उठला, स्कॅनर चालला. नवीवरून उठला, मशीनने मान डोलावल्यासारखं डोकं हलवलं. त्या रात्री ती गाढ झोपली.

सोमवारी बाईने मोजे काढून एक पाय काचेवर ठेवला. थोरलीने जुनी सिस्टीम उघडली, आणि स्कॅनरच्या प्रोग्रामने पाटी दाखवली: घड्याळ मागे गेलं आहे, प्रोग्राम उघडता येणार नाही. कोपऱ्यातलं घड्याळ खरंच काही तास मागे होतं. सासरे दारात उभे. दिराला फोन लावला तर तो म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून करा.

"पुसणार नाही," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. तिने घड्याळ हाताने पुढे केलं. प्रोग्राम उघडला, दोन्ही पायांची मापं आली. बाई मोजे चढवून गेली. पण थोरली नव्या सिस्टीमवर जाऊन परत आली, तर घड्याळ पुन्हा मागे, पाटी पुन्हा तीच. रोज हेच करत बसलं तर एक दिवस गिऱ्हाईक पाय काचेवर ठेवून बसेल आणि प्रोग्राम उघडायचाच नाही.

तिची नजर भिंतीवर गेली. घरातलं घड्याळ सासरे पुढे करून ठेवतात, उशीर नको म्हणून. नवरा ते बरोबर करतो. दोघांच्या मते दोघेही बरोबर, आणि घड्याळ बिचारं एक. कॉम्प्युटरच्या पोटातही एकच घड्याळ होतं. नवी सिस्टीम त्यात जगाची प्रमाणवेळ, म्हणजे इथल्यापेक्षा काही तास मागची वेळ, लावायची आणि इथली वेळ मनातल्या मनात हिशोबाने काढायची. जुनीला असला हिशोब येत नव्हता. घड्याळ दाखवेल ती वेळ खरी, एवढंच तिला माहीत. म्हणजे दोघींपैकी समजूत नवीचीच घालता येणार होती. शोधल्यावर सेटिंग सापडलं: घड्याळात इथलीच वेळ ठेव. तिने ते केलं. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, सासऱ्यांचा चहा गार होईपर्यंत फेऱ्या मारल्या. घड्याळ जागचं हललं नाही.

बाईच्या पायांची मापं पेनड्राइव्हवर घेऊन तिने नव्या सिस्टीमवर नेली. मशीन सुरू झालं. खोलीभर भुसा उडाला, आणि ठोकळ्यातून हळूहळू टाच, मग घोटा, मग बोटांचा उतार बाहेर आला.

सासऱ्यांनी तो उजवा फर्मा डाव्या हातात घेतला. डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला, टाचेपाशी थांबले, कानामागची पेन्सिल काढून एक रेघ ओढली.

"इथे जरा जास्त आहे. एवढं काढ," ते म्हणाले. मग मशीनशेजारी स्टूल ओढून बसले. "आणि डावा लाव. एका पायावर उभी राहणार आहे का ती?"