खंडेनवमीला पुजलेलं इंजिन

लातूरला माझ्या सासरच्या घरामागं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्यात माझ्या वडिलांची गाडी. लाल, बसकी, दोनच माणसांची, जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. वडील गेल्यावर भाऊ ती भंगारात घालायला निघाला, तेव्हा मी माहेराहून, नांदेडहून, स्वतः चालवत ती सासरी आणली. रस्ताभर लोक गाडी चालवणाऱ्या बाईकडं बघत होते. बघू दे म्हटलं.

भूकंप झाला आणि स्लॅबखाली झोपायची कुणाची छाती होईना. सगळं घर गॅरेजात, पत्र्याखाली आलं. गाडी अंगणात ढकलली, मीच ढकलली. ती दोन पावसाळे भिजली आणि आम्ही घरात परतल्यावर गॅरेजात आली, तोवर इंजिन जाम झालं होतं.

पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. नवऱ्यानं शाळेची नोकरी सोडून बारावीचे क्लास काढले. दुसऱ्या बॅचसाठी त्यांना गॅरेज हवं होतं. मला त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती. "दिवाळीपर्यंत गाडी चालू करते. नाही झाली तर भंगारात घाला आणि फळा लावा," असं मी सगळ्यांदेखत बोलून बसले. बोलले रागात, पण शब्द मागं घ्यायचा माझा स्वभाव नाही.

कॉलेजात फिजिक्स शिकवून आले की साडी खोचून मी कामाला लागायची. इंजिन उतरवलं, पार खोललं. पिस्टन नवे मागवले. चार कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचे दांडे, आणि त्यांच्या खालच्या टोकाला आवळायच्या चार टोप्या. ज्याची टोपी त्यालाच बसली पाहिजे, नाहीतर इंजिन पुन्हा जाम. मिस्त्रीनं पंच मारून खुणा केल्या असत्या. मी पडले मास्तरीण, खडूनं आकडे घातले.

खंडेनवमीला कॉलेजातून परत आले तर गॅरेजात उदबत्तीचा वास. सासूबाईंनी माझे पाने आणि इंजिनचे सगळे भाग चिंच लावून लख्ख घासले होते, हळदकुंकू वाहून पाटावर फुलासारखे मांडले होते. एक आकडा शिल्लक नव्हता.

"तुजी हत्यारं हायती म्हणून पुजली," त्या म्हणाल्या. "लई काळी पडली व्हती गं."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि फार वाईट ओरडले. त्या घरात माझ्या पान्यांना हत्यारं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला ओरडून झाल्यावर कळलं. लाज वाटली. मग त्यांना शेजारी बसवून चूक काय झाली ते सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी बसलो. मी एकेक टोपी एकेका रॉडवर आवळायची आणि त्या सांध्यावरून नख फिरवायच्या. जन्मभर तांदळातले खडे निवडलेली बोटं ती. "न्हाई, नख अडकून राहिलं," म्हणायच्या. उलटसुलट करत चार दिवस गेले. चौथी जोडी जमली तेव्हा मीही नख फिरवून पाहिलं. सांधा लागला नाही.

धनत्रयोदशीला इंजिन धडधडलं. शेजारी गच्चीवर आले. सासूबाईंनी निरांजन ओवाळलं आणि मी गाडीत बसून ढसाढसा रडले.

नवऱ्यालाही आनंद झाला, अगदी मनापासून. गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "कमाल केलीस. आता चालून राहिली ना? मग लाव बाहेर. पाडव्यानंतर बाक आणतो."

याचा मी विचारच केला नव्हता. गाडी हरली असती तरी जागा त्यांची आणि जिंकली तरी त्यांचीच.

मी इंजिन बंद केलं. जॅक ओढला, गाडी उचलली, खाली सरकले आणि गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट ढिला केला.

"आता काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"गिअरबॉक्स खोलावा लागतोय."

सासूबाई खाली वाकल्या. "लई दिवस लागतील का गं?"

"हाव," मी म्हटलं.

बॅच शेवटी गच्चीवर पत्रे टाकून भरली. गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं.